विचारायचे कोणी?

पणजीला जुन्या सचिवालयाच्या बाजूला आबे फारियाचा पुतळा आहे. कदंबातून उतरून ऑफिसला जाताना गेली वीस-बावीस वर्षे मी तो पाहतो आहे. लांब झगा घातलेला पुरुष हात पुढे करून उभा, आणि त्याच्यासमोर मागे कलंडलेली एक बाई. गोमंतकीय शिल्पकार रामचंद्र पांडुरंग कामत यांनी घडवलेला हा पुतळा १९४५ साली तिथे बसवला. पर्यटक त्याच्यापुढे फोटो काढतात आणि जाता जाता काहीतरी चावट बोलून जातात.

यात नवीन काही नाही. फ्रान्सच्या राजाने १७८४ साली मेस्मरच्या चुंबकविद्येची चौकशी करायला समिती नेमली होती. तिने जाहीर अहवालाबरोबर राजासाठी एक गुप्त अहवालही दिला. पुरुष उपचारक आणि स्त्री रुग्ण यांच्या जवळिकीमुळे नीतीला पोचणारा धोका, हा त्या गुप्त अहवालाचा विषय. म्हणजे मनाच्या उपचारांच्या खोलीत हा विषय जवळजवळ अडीचशे वर्षांपूर्वीच शिरला होता. बोलायचे ते मात्र गुप्त कागदावर. आपला कांदोळीचा फारिया पुढे पॅरिसला गेला आणि त्याने सांगितले की ही झोप संमोहन करणाऱ्याच्या हातांतून येत नाही, ती झोपणाऱ्याच्या स्वतःच्या मनातून येते. रुग्णाला स्वतःचे मन असते, एवढे साधे त्याचे म्हणणे. गोव्यातल्या मनोरुग्णालयाला पूर्वी याच फारियाचे नाव होते.

आज लिहायचे आहे ते मनोरुग्णालयांतल्या सिस्टरांविषयी. रुग्णाच्या लैंगिक आरोग्याचा प्रश्न समोर आला की त्या काय करतात आणि त्यांनी काय करायला हवे, याविषयी. विषय वाचून काही वाचकांच्या कपाळाला आठी पडेल. माझ्याही पडली असती. पण घरात एक गोष्ट घडली आणि मी या विषयाकडे वळलो.

माझा एक मावसभाऊ. नाव, गाव सांगत नाही. लग्नानंतर तीन वर्षांनी त्याला मानसिक आजार झाला. कानात आवाज येऊ लागले, झोप उडाली. एका इस्पितळात महिनाभर ठेवले, गोळ्या सुरू झाल्या आणि माणूस सावरला. दुकानात परत बसू लागला. आठ-नऊ महिन्यांनी त्याने गोळ्या बंद केल्या. मावशीने हात जोडले, मी दोन-तीनदा जाऊन दम दिला. “माज आलाय त्याला,” असे आम्ही सगळे म्हणालो. दोन महिन्यांत आवाज परत सुरू झाले आणि त्याच सुमारास भावजय माहेरी निघून गेली.

दुसऱ्यांदा दाखल केले ते दुसऱ्या ठिकाणी. तिथे एक वयस्क सिस्टर होती. पंधरा दिवसांनी, तो जरा शुद्धीवर आल्यावर, संध्याकाळच्या गोळ्या देताना तिने त्याला बाजूला घेतले आणि हळूच विचारले, “ह्या गुळयांनी जायत्या जाणांक घोव-बायलेमदीं अडचण येता. तुका कांय तशें जाता?”

तो म्हणे रडलाच. गोळ्या सुरू झाल्यापासून त्याला बायकोजवळ जाताच येत नव्हते. बायकोला वाटले, ह्याचे आपल्यावरचे मन उडाले. तिने वर्षभर कोणाला सांगितले नाही आणि त्यानेही नाही. गोळ्या बंद करण्याचे कारण हे होते. पहिल्या ठिकाणी तो दर महिन्याला जायचा. झोप लागते का, भूक लागते का, आवाज येतात का, एवढे विचारायचे आणि गोळ्या लिहून द्यायचे. सिस्टरने डॉक्टरांच्या कानावर घातले, डॉक्टरांनी औषध बदलले. सगळे एका दिवसात सुरळीत झाले असे नाही. भावजय परत आली ती दीड वर्षाने, आणि तिच्या येण्याला इतरही कारणे होती. पण गोळ्या त्याने पुन्हा सोडल्या नाहीत. मला हे सारे त्याने फार उशिरा, एका जत्रेच्या रात्री सांगितले. आपण दिलेला दम आठवून मला त्या रात्री झोप आली नाही.

त्यानंतर मी जे मिळेल ते वाचू लागलो. मी कारकून माणूस, शिक्षण कलाशाखेचे, वैद्यक मला कळत नाही. पण जे कळले ते एवढे साधे आहे की ते आम्हाला आधी कोणी का सांगितले नाही, याचेच नवल वाटले. रिस्पेरिडोनसारख्या काही औषधांनी शरीरातले प्रोलॅक्टिन नावाचे संप्रेरक वाढते. मग बाईची पाळी चुकते किंवा थांबते, मूल नसताना अंगावर दूध येते. पुरुषाची इच्छा मंदावते, ताठरता येत नाही. नैराश्यावरच्या फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन, एसिटालोप्राम या नेहमीच्या औषधांनी इच्छा कमी होते, तृप्तीला उशीर लागतो किंवा ती येतच नाही. व्हॅल्प्रोएट गरोदरपणात घेतले तर बाळाच्या मज्जारज्जूत व्यंग राहण्याचा आणि पुढे बुद्धीची वाढ खुंटण्याचा धोका असतो. म्हणून मूल होण्याच्या वयातल्या बाईला ते देताना आधी बोलावेच लागते. पाळी थांबलेल्या बाईला वाटते आपल्याला दिवस गेले, किंवा उलट वाटते की आता दिवस जाणारच नाहीत. दोन्ही समज घातक. यातले बरेचसे मात्रा कमी करून, औषध बदलून सुधारता येते. ते डॉक्टरांनी करायचे, रुग्णाने मनाने गोळी सोडायची नाही. पण सुधारण्यासाठी आधी कळायला हवे, आणि कळण्यासाठी कोणीतरी विचारायला हवे.

कोणी? डॉक्टरकडे ओपीडीत प्रत्येकाला पाच मिनिटे, आणि शेजारी आई नाहीतर भाऊ उभा. दिवसरात्र रुग्णाजवळ असते ती सिस्टर, पुरुषांच्या वॉर्डात ब्रदर. जेवण, आंघोळ, गोळ्या, कपडे, रात्रीची भीती हे सगळे त्यांच्याच देखत चालते. म्हणून हा प्रश्न त्यांनी विचारावा असे माझे मत आहे.

त्या का विचारत नाहीत याचा अभ्यास ऑस्ट्रेलियात झाला आहे. ख्रिस क्विन आणि ब्रेंडा हॅपेल या परिचर्येच्या अभ्यासकांनी सहकाऱ्यासह मनोरुग्णांची सेवा करणाऱ्या १४ नर्सेसच्या सविस्तर मुलाखती घेतल्या आणि २०११ साली त्यावर लिहिले. विषय महत्त्वाचा आहे हे त्या नर्सेसना मान्य होते, तरी बहुतेक जणी तो टाळत होत्या किंवा दुसऱ्या कोणावर सोपवत होत्या. नंतर त्यांना विषय कसा काढायचा, केव्हा काढायचा, काय सांगायचे आणि नोंद कशी ठेवायची याची सोपी पद्धत शिकवली. वापरून पाहिल्यावर त्यांना आढळले की आपण धरले होते तेवढे हे अवघड नाही. जिथे या गोष्टींवर मोकळेपणाने बोलतात असे आपण समजतो, त्या ऑस्ट्रेलियातल्या सिस्टरांचीही जीभ अडखळते. मग आपल्या सिस्टरांना एकट्यांना दोष देण्यात काय अर्थ?

आपल्याकडे अडचण आणखी एक आहे, ती भाषेची. माझ्या मते सर्वांत मोठी तीच. या विषयासाठी आपल्याकडे दोन तऱ्हेचे शब्द आहेत. एक शिव्यांतले, दुसरे संस्कृतातले. पहिले सिस्टर उच्चारू शकत नाही. दुसरे रुग्णाला कळत नाहीत, आणि कळले तरी कोर्टाच्या कागदासारखे वाटतात. मधली जागा रिकामी. त्यात गोव्यात घरी बोलायचे कोकणी, वाचायचे मराठी आणि केसपेपर इंग्रजीत. सिस्टर परप्रांतातली असेल तर ती आणखी एका भाषेत विचार करणार. र. धों. कर्व्यांनी १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवून ही मधली मराठी घडवायचा प्रयत्न केला. वाचकांच्या प्रश्नांना सरळ उत्तरे दिली म्हणून त्यांच्यावर खटला झाला, आणि १९३४ साली त्यांचे वकीलपत्र डॉ. आंबेडकरांनी घेतले. तरी घराघरात ती भाषा पोचली नाही.

पण मधली भाषा अगदीच नाही असेही नाही. आपल्या बायका ‘अंगावरून जाते’ म्हणतात, ‘धुपणी’ म्हणतात. पुरुष ‘अशक्तपणा’ म्हणतात, ‘धातू जातो’ म्हणतात. ‘अडचण’ या एका शब्दात केवढे मावते! या शब्दांच्या मागे काय असते, ते आपल्याच गोव्यात तपासलेले आहे. आल्दोना भागात २००१ ते २००३ या काळात डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे अडीच हजार स्त्रियांची पाहणी केली. अंगावरून जाण्याची तक्रार करणाऱ्या बायकांत जंतुसंसर्गापेक्षा मनाच्या त्रासाशी तिचा संबंध अधिक घट्ट आढळला. बाई मनातले शरीराच्या भाषेत सांगते. मग मनोरुग्णालयातल्या सिस्टरला ही भाषा यायलाच हवी. अंगावरून जाते म्हटले की गोळी देऊन मोकळे होण्याऐवजी ‘घरी कसे चालले आहे?’ एवढे विचारले तरी पुष्कळ बाहेर येईल.

आणि बाहेर काय येईल तेही पाहा. बंगळुरूच्या डॉ. प्रभा चंद्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दक्षिण भारतातल्या एका मनोरुग्णालयात दाखल झालेल्या १४६ स्त्रियांकडे चौकशी केली. २००३ साली ते प्रसिद्ध झाले. ५० जणींनी आपल्यावर लैंगिक जबरदस्ती झाल्याचे सांगितले. त्यांतल्या जवळजवळ निम्म्या जणींच्या बाबतीत जबरदस्ती करणारा नवराच होता. आणि ३० जणींनी तोवर हे कोणालाच सांगितले नव्हते. या आकड्यापाशी मी बराच वेळ थांबलो. पन्नासातल्या तीस जणी. त्यांना बरे वाटले म्हणून सोडताना आपण कोणाच्या स्वाधीन करतो? विचारले नाही तर हे कळायचे कसे?

आता आक्षेपांकडे येतो. पहिला आक्षेप, जो माणूस स्वतःला विसरला आहे त्याला हे कसले प्रश्न? खरे आहे. पहिल्या आठवड्यात झोप, अन्न, आंघोळ हेच महत्त्वाचे. उन्मादाच्या भरात रुग्ण कपडे काढतो, वाटेल ते बोलतो. तेव्हा चादर घालायची, गर्दी हटवायची, हसायचे नाही, ओरडायचे नाही, एवढीच लैंगिक आरोग्याची सेवा. शुद्धीवर आल्यावर त्याला ते सारे आठवते आणि तो लाजेने अर्धमेला होतो. त्या वेळी ‘तो आजार होता, तू नव्हेस’ असे सांगणारे कोणी हवे. माझ्या भावाला पंधराव्या दिवशी विचारले होते, पहिल्या दिवशी नव्हे.

दुसरा आक्षेप सिस्टरांच्या बाजूचा आहे आणि तो मला फार वजनदार वाटतो. पुरुष रुग्णाला असा प्रश्न विचारला तर तो भलताच अर्थ घेईल. वॉर्डात नको ते बोलणे, अंगाला हात लावणे हे त्यांना सोसावे लागतेच. वर आम्ही समाज म्हणून नर्सच्या चारित्र्याकडे तिरक्या नजरेने पाहणार. हे ओझे तिने एकटीने का घ्यावे? तिने एकटीने घेऊ नयेच. विचारणे हा कामाचा भाग आहे असे वरिष्ठांनी लेखी सांगितले पाहिजे. पुरुषांना ब्रदरने विचारावे, ब्रदर नसेल तर दुसरी सिस्टर जवळपास असावी. चावटपणा केला तर शांतपणे थांबवून नोंद करावी आणि त्या नोंदीमागे इस्पितळाने उभे राहावे. एवढे पाठबळ न देता ‘सिस्टर, विचारत जा’ म्हणणे म्हणजे शिपायाला किल्ली न देता कपाट उघडायला सांगण्यासारखे आहे.

तिसरा आक्षेप, सिस्टर काय लैंगिक तज्ज्ञ आहे? नाही, आणि तिने व्हायचेही नाही. जॅक अॅनन या मानसशास्त्रज्ञाने १९७६ साली चार पायऱ्या सांगितल्या. पहिली, बोलायला परवानगी देणे. दुसरी, थोडकी माहिती देणे. तिसरी, नेमके उपाय सुचवणे. चौथी, सखोल उपचार. पहिल्या दोन पायऱ्या कोणतीही चांगली सिस्टर चढू शकते. पुढच्या डॉक्टरच्या. त्या वयस्क सिस्टरने पहिल्या वाक्यात ‘जायत्या जाणांक’ म्हटले, म्हणजे तू एकटा नाहीस, बोललास तरी चालेल. दुसऱ्या वाक्यात विचारले. एवढ्यात दोन्ही पायऱ्या झाल्या. तिने अॅननचे नाव ऐकले असेल-नसेल.

चौथा आक्षेप कोणी मोठ्याने घेत नाही, पण तो आपल्या सगळ्यांच्या मनात असतो. वेड्याला कसली आली आहे इच्छा! असली तरी ती दाबलेलीच बरी. या विचाराचे टोक कुठे जाते ते महाराष्ट्रात १९९४ साली दिसले. शिरूरच्या सरकारी वसतिगृहातल्या मतिमंद मुलींची गर्भाशये पुण्यात शस्त्रक्रिया करून काढली. कारण दिले गेले पाळीच्या स्वच्छतेचे. मतिमंदत्व आणि मानसिक आजार या वेगळ्या गोष्टी आहेत. पण सांभाळणाऱ्याच्या सोयीसाठी सांभाळल्या जाणाऱ्याचे शरीर, ही वृत्ती दोन्हीकडे एकच. २९ मे २०१८ पासून लागू झालेल्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मानसिक आजारावरचा उपचार म्हणून नसबंदी करायला बंदी घातली. त्याच कायद्याचे कलम २० रुग्णाला खाजगीपणाचा, लैंगिक छळापासून संरक्षणाचा आणि बायकांना पाळीच्या वेळचे साहित्य मिळण्याचा हक्क देते. कलम २२ सांगते की औषधांचे ज्ञात दुष्परिणाम रुग्णाला कळले पाहिजेत, आणि त्याला समजेल अशा भाषेत कळले पाहिजेत. तेव्हा ‘जायत्या जाणांक अडचण येता’ हे सांगणे ही त्या सिस्टरची मेहेरबानी नव्हती. कायद्याने माझ्या भावाचा तो हक्कच आहे.

अविवाहितांचे काय, असेही कोणी विचारेल. आपल्याकडे हा प्रश्न ‘नवरा-बायको’ या शब्दांतून विचारला की सोपा जातो, आणि तिथेच लग्न न झालेला, विधवा, परित्यक्ता, पुरुषावर प्रेम करणारा पुरुष, हे सगळे बाहेर राहतात. गोळीला कोणाचे लग्न झाले आहे ते कळत नाही. त्यांच्यासाठी सिस्टरला दुसरे वाक्य शोधावे लागेल. ‘या गोळ्यांनी काहींना शरीराच्या इच्छेत फरक जाणवतो, तुला जाणवतो का?’ असे काहीतरी. याहून चांगले वाक्य सिस्टरांनाच सुचेल. सुचले की त्यांनी ते एकमेकींना द्यावे. वॉर्डात तशी आठ-दहा वाक्ये कोकणीत, मराठीत, हिंदीत, कन्नडात लिहून ठेवली तर नव्या मुलीला अडखळावे लागणार नाही.

माझ्यातला कारकून म्हणतो, केसपेपरवर एक रकाना वाढवा. झोप, भूक, शौच यांच्या खाली आणखी एक ओळ. जे कागदावर नाही त्याची कोणी दखल घेत नाही, हे मी नोकरीत शिकलो आहे. पण रकान्याचे काय होते तेही मी त्याच नोकरीत पाहिले आहे. पंधरा दिवसांत हात न थांबता तिथे ‘निल’ लिहिले जाऊ लागेल, न विचारताच. म्हणून रकान्याच्या आधी दोन गोष्टी हव्यात. पडदा असलेली एक जागा, जिथे नातेवाईक ऐकत उभे नसतील. आणि नर्सिंगच्या शिक्षणात हे प्रश्न तोंडाने उच्चारायचा सराव. पुस्तकात धडा वाचणे निराळे, जीभ वळणे निराळे.

आणि आपण नातेवाईकांनी काय करायचे? सिस्टर म्हणाली, “जरा बाहेर थांबा,” तर बाहेर थांबायचे. रागवायचे नाही, ‘आमच्यापासून लपवण्यासारखे काय आहे?’ असे म्हणायचे नाही. मी त्या पहिल्या इस्पितळात दर वेळी भावाच्या शेजारी खुर्ची ओढून बसत होतो. काळजीनेच बसत होतो. आज वाटते, कोणी विचारले असते तरी माझ्यासमोर तो काय सांगणार होता?